निळं पाणी, तांबडा विळा

संपादकांनी पत्रातून कळवलं, की यंदाच्या दिवाळी अंकात मॅट्रिकच्या मुलांसाठी रसायनशास्त्राची थोडी उजळणी हवी, आणि ती मी लिहावी, कारण आयुष्यभर मी रसायनं वाटली. वाचून मला हसू आलं. मी आयुष्यभर एकच रसायन वाटलं. मोरचूद. निळे खडे, जाड कागदाच्या पुडीत बांधलेले. दुसरं काही मला कोणी वाटायला दिलंच नाही.

पण त्या एका खड्यात तुमच्या पुस्तकातला बराचसा भाग बसतो. आज या वयात दुपारी आरामखुर्चीत डोळे मिटले, की पहिल्यांदा तो निळा रंगच येतो. मग त्याच्यामागून गावं येतात, ओट्यावरची मडकी येतात, मडक्यांवर वाकलेली माणसं येतात. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर खालून थोडा निळा उजेड पडलेला असतो. खरोखर तसा पडत होता की मीच आता रंगवतोय, कोण जाणे. बायको म्हणायची, की तुम्ही जागेपणी झोपता आणि झोपेत पुड्या वाटता. तिचं फारसं चुकत नसे.

मी शेतकी खात्यात कामदार होतो. कामदार म्हणजे साहेबाच्या खालचा आणि शिपायाच्या वरचा. साहेबाला शेतातलं सांगायचं, शेतकऱ्याला कागदातलं सांगायचं, आणि दोघांच्याही शिव्या खायच्या. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. माझा फेरा कामरगाव, धनजपासून थेट शेलूबाजारापर्यंत. एक म्हातारं तट्टू, दोन्ही बाजूंना पुड्यांच्या पेट्या. ज्येष्ठ उजाडला की आम्ही निघायचो. वावरं वखरून काळी, मऊ झालेली असत आणि वाऱ्याला तापल्या मातीचा वास असे. तट्टू आपल्या मनानं चाले, मी त्याच्यावर बसून माझ्या मनानं. कित्येकदा आम्ही भलत्याच गावी पोचायचो. तिथेही मी पुड्या वाटायचो.

पुडी कशासाठी, तेही सांगतो. ज्वारीला काणी नावाचा रोग पडतो. कणीस भरायच्या वेळी दाण्याच्या जागी करड्या बोंडल्या येतात. बोटानं फोडली की आत काळी पूड. ही पूड खळ्यात चांगल्या दाण्यांना चिकटते, पुढच्या वर्षी त्यांच्याबरोबर पेरली जाते आणि रोपासोबत आतून वाढत जाते. मोरचुदाच्या पाण्यात बियाणं थोडा वेळ बुडवलं, सावलीत सुकवलं आणि पेरलं, की पूड मरते आणि दाणा जगतो. ते बियाणं मात्र खायचं नाही, ते विष. एवढंच माझं सगळं शास्त्र. पण ते गावाला पटवायला माझी निम्मी नोकरी गेली.

आता उजळणी. खडा पाण्यात टाकला की दिसेनासा होतो आणि पाणी निळं होतं. याला तुम्ही द्रावण म्हणता. खडा संपलेला नसतो. पाणी आटवलं की परत मिळतो, म्हणून हा नुसता भौतिक बदल. कामरगावात एक गृहस्थ होते, त्यांचा कमीवर विश्वास नव्हता. त्यांनी तांब्याभर पाण्यात तीन-तीन पुड्या घातल्या आणि दुपारभर काडीनं ढवळत बसले. तळाशी खडे तसेच. मी गेलो तेव्हा म्हणाले, "कामदार, हे पानी आता खाऊन नाही राह्यलं." संपृक्त द्रावणाची याहून चांगली व्याख्या मला कोणत्याही पुस्तकात सापडली नाही. पाण्याचं पोट भरलं की ते आणखी घेत नाही. त्यांचं बियाणं मात्र त्या कडक पाण्यात मेलं, आणि मला वर्षभर त्यांच्या गल्लीतून जाताना तट्टूवरून उतरावं लागलं.

शेलूबाजारात एका दुकानदाराकडे मी पुड्या ठेवायला देत असे. पावसाळी हवेनं त्या ओलावल्या, म्हणून त्याच्या बायकोनं खडे खापरावर टाकून चांगले शेकले. निळे खडे पांढरे फटक झाले आणि भुगा झाला. दुकानदारानं भर बाजारात मला धरलं, की तुम्ही मोरचुदाच्या नावानं चुना खपवता. मी त्या पांढऱ्या भुग्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब पडला तिथे निळा डाग उमटला आणि पसरत गेला. त्या माणसाचं तोंड उघडं ते उघडंच. खड्याच्या आत मुळात पाणी बांधलेलं असतं. ते गेलं की रंग जातो, परत आलं की रंग येतो. पुस्तकात त्याला स्फटिकजल म्हणतात. विष लागलेलं ते खापर मी फोडायला लावलं, त्याचं त्या बाईला फार वाईट वाटलं.

असे किस्से पुष्कळ आहेत, आणि संपादकांना बहुधा तेच हवे असतील. पण मला लिहायचं आहे ते धनजच्या गिरजाबाईबद्दल. इतकी वर्षं मी ते कोणाला सांगितलेलं नाही.

गिरजाबाई विधवा होती. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याच्या वाटणीचं थोडं वावर आणि दुसऱ्यांच्या वावरात निंदणं-खुरपणं, यावर तिचं चालत असे. शेजारचं वावर तिच्या दिराचं, नामदेवचं. त्या घराण्यात विधवेनं बियाण्याला हात लावायचा नाही अशी रीत होती. बी नामदेव धुवायचा, पेरायचाही नामदेवच. गिरजाबाई त्या दिवशी बांधाच्या पलीकडे उभी राहायची. मी गावात पुड्या घेऊन गेलो तेव्हा सगळे पुरुष एकमेकांकडे बघत बसले होते. मागून ही उंच, काटक बाई पुढे आली आणि तिनं हात पसरला.

"मले द्या. काणीनं दोन सालं झाले, अर्धं वावर काळं होऊन राह्यलं. माह्या हातानं टाकतो मी औषध."

नामदेव म्हणाला, "वैनी, तुमी कायले? मी हावो नं."

"तुमी हायेच भाऊजी. पन पुडी मी मांगली."

मी पुडी तिच्या हातात ठेवली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही, कारण मला रीत माहीतच नव्हती. सगळं नीट समजावलं. धातूचं भांडं नको, मातीचं मडकं घ्या. खडे गार पाण्यात लवकर विरघळत नाहीत, म्हणून संध्याकाळी पुरचुंडी करून मडक्यात टांगा आणि सकाळी बियाणं बुडवा. भांडं मातीचंच का, हे मात्र मी सांगितलं नाही. कोणी विचारलं नाही, आणि खरं म्हणजे ते माझ्याही डोक्यात नव्हतं. कागदावर तसं छापलेलं होतं, म्हणून मी म्हटलं.

पेरणी झाल्यावर काही दिवसांनी मी धनजवरून जात होतो. गिरजाबाई वाटेतच भेटली. म्हणाली, "सायेब, सांजेले पानी निळंशार होतं. सकाळी पाह्यलं तं फिकं, हिरवटावानी. असंच असते का?"

मी तट्टूवरच होतो. आभाळात पांढरे ढग दक्षिणेला चालले होते, त्यांच्याकडे पाहत होतो. "असेल," मी म्हणालो, "गाळ बसला असेल." आणि पुढे गेलो.

कार्तिकात पाहणीसाठी परत आलो, तेव्हा गिरजाबाईच्या वावरात काणी होती. भरपूर. नामदेवच्या वावरातही होती, त्यानं तर औषध लावलंच नव्हतं. पण तिकडे कोणी बोट दाखवत नव्हतं. सगळं गाव बांधावर जमलं होतं. मला वाटलं, आता औषधाला नावं ठेवतील. औषधाचं कोणी नावही काढलं नाही. नामदेवनं बगलेतलं फडकं सोडलं आणि त्यातून एक विळा काढला.

विळ्याचं पातं तांबडं होतं, मुठीपासून टोकापर्यंत. गंजाचा तांबूसपणा नाही, नवा, लालसर, उन्हात चमकणारा रंग.

"बियाले नजर लागू नये म्हनून त्या सांजेले मी हा इळा गुपचूप मडक्यात ठेवला होता, पहाटे काढला," तो म्हणाला. "वैनीचा हात लागला होता नं. लोखंडानं नजर ओढून घेतली. पन हे पाहा किती होती ते. लोखंडाले बी झेपली नाही."

तान्ह्या लेकराच्या उशाशी विळा ठेवतात, बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवतात, तसा त्यानं तो मडक्यात ठेवला होता. वाईट हेतूनं नाही, हेही मला सांगितलं पाहिजे. घाबरून. पण आता तो लाल विळा हातोहात फिरत होता. बाया पदर तोंडाला लावून मागे सरकत होत्या. गिरजाबाई बांधाच्या कडेला उभी होती. तिनं कोणाकडे पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. विळा माझ्या हातात आला. मी तो उलटापालटा करून बघितला आणि नामदेवला परत दिला.

त्यानंतर तिला निंदायला कोणी बोलावलं नाही. बियाण्याच्या कणगीवरून तिची सावली जाऊ नये म्हणून शेजारणी दार लोटून घेत. पुढच्या पेरणीला नामदेव तिच्या वावरात बी टाकणार आणि तिनं त्या दिवशी गावातही राहायचं नाही, असं ठरलं. हे सगळं मला फेऱ्यावर तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. मी ऐकायचो, मान हलवायचो आणि पुढच्या गावी जायचो. स्वप्नात मात्र तो विळा यायचा. निळ्या पाण्यातून हळूहळू वर येणारा, लाल. जागा झालो की वाटायचं, हे मी कुठेतरी पाहिलं आहे. कुठे ते आठवायचं नाही.

उन्हाळ्यात शेलूबाजारच्या बाजारात रहीमभाई कल्हईवाल्याजवळ टेकलो होतो. त्याचा भाता सुरू होता, नवसागराचा पांढरा धूर डोळ्यांत जात होता. माझ्या पेटीतली एक पुडी फुटलेली पाहून तो म्हणाला, "कामदारसाब, चिमूटभर मोरचूद द्या नं. एक गंमत दावतो."

त्यानं वाटीभर पाण्यात खडे विरघळवले. एक लोखंडी पळी राखेनं लखलखीत घासली आणि त्या निळ्या पाण्यात धरली. थोड्या वेळानं बाहेर काढली. पळी तांबडी झाली होती.

मी ताडकन उभाच राहिलो. "रहीमभाई, हे काय केलं?"

"काय केलं म्हंजे? तांबा चढवला. उस्तादनं शिकवलं होतं. लोखंड पान्यात उतरते, तांबा वर येते. देवान-घेवान हाय साब."

"आणि पाणी? पाण्याचं काय होतं?"

"जादा टाइम ठेवलं तं हिरवं होते. मंग त्या पान्यात दम नाही राहत."

त्या क्षणी मला सगळं आठवलं. नागपूरला शिकत असताना मास्तरांनी फळ्यावर लिहिलेलं, मी वहीत उतरवलेलं, पाठ केलेलं आणि परीक्षेत बरोबर लिहून गुण मिळवलेलं. मुलांनो, तुम्हीही तेच पाठ करत असाल. मोरचूद हे संयुग आहे. तांबं, गंधक आणि प्राणवायू ही मूलद्रव्यं त्यात अशी बांधलेली आहेत, की तांब्याचा तांबडेपणा कुठे दिसत नाही. नुसतं एकत्र कालवलेलं असतं तर मिश्रण म्हटलं असतं आणि तांबं वेचून काढता आलं असतं. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील. ते त्या पाण्यात गेलं की तांब्याला जागेवरून उठवतं आणि आपण तिथे बसतं. याला विस्थापन म्हणतात. तांबं लोखंडावर येऊन चिकटतं आणि पाण्यात उरतो तो हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, हिरवट. हिराकसानं काणी मरत नाही. हा रासायनिक बदल. इथे जुना पदार्थ आपसूक परत येत नाही. म्हणून भांडं मातीचं. रहीमभाई कधी शाळेत गेला नव्हता. मी गेलो होतो.

तेवढ्यात कोणी गिऱ्हाईक आलं आणि तो भाता ओढायला लागला. मी तिथेच बसून राहिलो. भर बाजारात माझे कान तापले होते आणि मला स्वतःची लाज वाटत होती, हे सांगायला आता काही हरकत नाही.

पुढच्या ज्येष्ठात मी सगळ्यात आधी धनजला गेलो. तट्टूला त्या दिवशी वाट चुकू दिली नाही. चावडीसमोर दोन मडकी ठेवली, दोन्हींत सारखं पाणी, सारखी पुडी. खडे आधीच कुटून नेले होते. गिरजाबाईला निरोप धाडला होता, की तुम्ही घरीच थांबा, चावडीकडे फिरकू नका. लोक जमल्यावर मी नामदेवला म्हटलं, "तुमचा दुसरा विळा आणा. गिरजाबाईनं कधी हात न लावलेला."

त्यानं आणला. मी राख दिली, त्यानं स्वतः घासला. "आता तुमच्याच हातानं बुडवा."

तो बराच वेळ विळा धरून उभा होता. मग त्यानं बुडवला. मी मडक्याकडे बघत होतो आणि मला पुन्हा तेच स्वप्न पडल्यासारखं वाटत होतं. फरक एवढाच, की या वेळी सगळं गाव माझ्याबरोबर स्वप्नात होतं. नामदेवनं विळा वर काढला. पाण्यात होतं तेवढं पातं तांबडं झालं होतं, वर मुठीजवळ लोखंड तसंच काळपट. एक म्हातारा उठून जवळ आला आणि त्यानं पात्यावर अंगठा घासला. अंगठ्याला लाल लागलं.

"अबे, हे तं पानीच करून राह्यलं," तो म्हणाला. "नजर गिजर काई नाही."

दुपारपर्यंत आम्ही बसलो. विळा परत मडक्यात ठेवला, लोक जेवून आले, कोणी तिथेच लवंडले. उन्हं कलली तेव्हा एका मडक्यातलं पाणी निळंशार होतं आणि विळ्याचं मडकं फिकं, हिरवट झालं होतं. नामदेव दोन्ही मडक्यांपुढे उकिडवा बसला होता. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "म्हंजे औषध म्या मारलं." कोणाला उद्देशून नाही. मग तो उठला, घरी गेला, बियाण्याची टोपली डोक्यावर घेऊन आला आणि सगळ्यांच्या देखत गल्लीतून चालत गिरजाबाईच्या उंबऱ्यावर ठेवून गेला. तिच्याशी बोलला मात्र नाही. त्याला ते जमलं नसावं.

मी त्याच्यामागून गेलो. खरं सांगतो, मी फार खुशीत होतो. नोकरीत असा दिवस क्वचित येतो. गिरजाबाई दारात बसली होती, टोपलीकडे बघत. वर्षात ती वाळली होती. मी तिला सगळं सांगितलं, निळ्या खड्यातलं तांबं, लोखंडाचं उतरणं, हिरवं पाणी. हातवारे करून, अगदी मास्तरांसारखं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "हे तुमाले कोनं सांगतलं?"

"मी शिकलो होतो," मी म्हणालो. "नागपूरला. नोकरीच्या आधी."

"म्हंजे तो इळा तुमच्या हातात होता तवा तुमाले मालूम होतं?"

"होतं. पण तेव्हा मला आठवलं नाही, बाई."

ती रागावलेली दिसत नव्हती.

"मले रोज आठवत होतं, सायेब," ती म्हणाली. "तुमी इळा पाह्यला अन् परत देल्ला, ते."

मग तिनं टोपली उचलली, मडक्यात पाणी भरलं आणि पुडीसाठी माझ्यापुढे हात पसरला.